हुकलेला पहिला अंक

लग्न होऊन मी गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावजवळच्या खेड्यात आले ते १९९९ साली, आणि त्याच वर्षी दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावजत्रेत, सासरचं पहिलं नाटक पाहिलं. पाहिलं म्हणजे अर्धं पाहिलं. मंडई म्हटली की घरोघरी पाहुणे. दिवसा जत्रा, रात्री कापडी मांडवात नाटक, आणि मधल्या वेळात पंगतीवर पंगती. आधी पुरुष, मग मुलं, मग माहेरवाशिणी आणि शेवटी आम्ही सुना. पातोडीच्या रश्शाची गंजं घासून, पदराला हात पुसत मांडवात पोचावं, तर स्टेजवरची बाई आधीच रडत असायची. का रडतेय, देव जाणे. दहाचं नाटक आमच्याकडे बाराला सुरू होतं, तरी माझा पहिला अंक हुकायचा. यावरून भांडी किती असायची ते समजून घ्या.

सकाळी मी यांना विचारायची, "सुरुवातीले का झाला जी?"

हे पेशाने मास्तर, वर्गात बोलायला लागले की तासभर न थांबणारे. मला मात्र ठरलेलं उत्तर. "कायी खास नाही. घरची भानगड होती."

या एका वाक्यावर मी किती मंडया काढल्या! राग यायचा, खूप यायचा. पण सकाळी पुन्हा पाहुण्यांचा चहा असायचा, त्यात तो विरघळून जायचा.

मग यांची बदली झाली आणि आम्ही गोंदियात खोली केली. तोवर गोंदिया म्हणजे माझ्यासाठी बाजार, राइस मिल आणि स्टेशन. काम उरकायचं आणि परतीची एसटी धरायची. पण आम्ही राहायला गेलो तेव्हा, आठ वाजता शटर पाडणारं ते शहर संध्याकाळी नटायला शिकत होतं. रस्त्यांना नवे दिवे, जिकडेतिकडे फॅमिली रेस्टॉरंटच्या पाट्या, आइस्क्रीमच्या दुकानांपुढे स्कूट्यांची रांग. बायका चक्क नुसत्या फिरायला बाहेर पडायच्या! मीही पडायला लागले. सुरुवातीला हातात पिशवी न्यायची, कोणी विचारलं तर भाजीला निघाले म्हणून सांगायला. हळूहळू पिशवी घरी राहायला लागली.

अशीच एकदा फिरता फिरता नव्या सभागृहावर फलक दिसला. आपल्याच झाडीपट्टीतलं, मंडईत व्हायचं तसलंच नाटक, संध्याकाळी सात वाजता. मी तिथल्या तिथे दोन तिकिटं काढली. खिडकीतल्या माणसाने बजावलं, "सात मतलब सात, भाभीजी." मी मनात म्हटलं, पाहुणे नाहीत, गंजं नाहीत. आता बघतेच पहिला अंक कुठे जातो ते.

हे म्हणाले, आधी बाहेर जेवू. मला काय, आनंदच! सभागृहासमोरच्याच रेस्टॉरंटमध्ये सहाला जाऊन बसलो. यांनी आधी सूप मागवलं, मग मसाला पापड, मग शेजारच्या टेबलावर दिसलं म्हणून आणखी काहीतरी तळलेलं. पनीर मागवेपर्यंत साडेसहा झाले. वेटर येता-जाता "बस, दस मिनट" म्हणत होता. पावणेसातला मी चुळबुळ करायला लागले.

"अजी, नाटक सुरू होऊन जाईन."

"घाई कायले करून राहिली? सातचा नाटक नवाले सुरू होते. झाडीतलेच लोक आहेत ना!"

"खिडकीवाला म्हणे, सात म्हणजे सात."

हे मनापासून हसले. तसा यांचा दोष नव्हता म्हणा. वेळेवर सुरू झालेलं नाटक या माणसाने जन्मात पाहिलं नव्हतं. पण घड्याळात सातला पाच कमी झाले. मी उठले, एक तिकीट यांच्या पाण्याच्या ग्लासाखाली सरकवलं.

"मी चालली जी. तुमी पनीर खाऊन या."

रस्ता जवळजवळ धावतच ओलांडला. खुर्चीत टेकले, आणि सातच्या ठोक्याला पडदा उघडला.

स्टेजवर एक बाई हसत होती. खरं सांगते, मी बघतच राहिले. इतक्या वर्षांत नाटकातली बाई हसताना मी कधी पाहिलीच नव्हती. दिराच्या शिक्षणासाठी ती कोणाला न सांगता हातातल्या पाटल्या उतरवून देते आणि वर त्यालाच चिडवते, असा सगळा अंक. मी अधाशासारखा पाहिला.

मध्यंतरात हे धापा टाकत आले. हातात पनीरची पार्सल पिशवी, शर्टावर रश्शाचा डाग. बाजूला बसले आणि कुजबुजले, "सुरुवातीले का झाला?"

मी मुद्दाम ठरवलं नव्हतं. तोंडातून आपोआप निघालं.

"कायी खास नाही. घरची भानगड होती."

यांनी पिशवी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर ठेवली. दिवे मालवले.

दुसऱ्या अंकात नवऱ्याने तिला विचारलं, पाटल्या कुठे आहेत? ती मोकळी मनगटं पदराखाली झाकून रडायला लागली, आणि तिच्याबरोबर मीही. यांनी एकदा स्टेजकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. ती का रडतेय ते त्या रांगेत फक्त यांनाच माहीत नव्हतं.