दर तीन महिन्यांनी साकोलीला

आज मंगळवार. सकाळच्या एसटीने एकोडीहून साकोलीला जाऊन आले.

माझे मिस्टर गेल्यापासून आमच्या कोसा साड्यांची वेबसाइट मीच बघते. काही दिवसांपासून ती उघडली की 'सुरक्षित नाही' अशी सूचना यायची आणि गिऱ्हाइकं तिथूनच परत जायची. साइट मिस्टरांचे मित्र दिनेशभाऊ यांनी बनवून दिली होती. साकोलीत त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान आहे.

भाऊंनी डोमेनच्या सेटिंगमध्ये एक ओळ टाकली आणि थोड्या वेळाने साइट सुरक्षित असल्याचं नवं सर्टिफिकेट लागलं.

"हे दर तीन महिन्यांनी संपते, वहिनी. तो इथं येऊन करून जाये."

"आपोआप नाही होत का?"

"होते ना! मी कितीदा म्हटलं त्याले. म्हणे, राहू दे बे, या निमित्तानं तुझ्याकडं येणं होते."

भाऊ हसले आणि मग त्यांनी डोळे पुसले.

मला रडू आलं नाही, राग आला. घरी दहा मिनिटं बसा म्हटलं तर यांना काम असायचं. इथे यायला मात्र निमित्त जपून ठेवलं होतं. दुकानात त्यांची खुर्चीही ठरलेली होती.

"आता आपोआप करून देऊ काय?" भाऊंनी विचारलं.

"लगेच करा," मी म्हटलं.

एसटीत बसल्यावर वाटलं, त्यांचं ते निमित्त मीच संपवून आले. गेलेल्या माणसाच्या मित्राचा असा हेवा तुम्हाला कधी वाटला आहे का?

घरी येऊन साइट उघडून पाहिली. सूचना गेली होती. मग फोन चार्जिंगला लावला आणि माझ्यापुरता भात टाकला.