वेशीतल्या दगडाजवळचं चौथं नाव

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, शाळेतल्या जुन्या सोबत्यांना नाही. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीट कळत नाही — बरं वाटावं म्हणून नाही, एवढं नक्की. वाटणं-बिटणं संपलंय आता.

आमच्या गावच्या वेशीत एक दगड आहे. पारनेरच्या एसटीतून उतरलात की डाव्या हाताला. पहिल्या महायुद्धात या गावातून माणसं गेली, त्यांपैकी चौघे परत आले नाहीत — एवढंच त्यावर कोरलंय. नावं नाहीत. नुसता आकडा. लग्न होऊन आलेली नवरी त्याला हळदकुंकू वाहते, दिवाळीला कुणीतरी ऑइलपेंट फासतो. लहानपणी आम्ही त्यावर बसून बोरं खाल्लीत. दगडाचं काय एवढं, दगडच की!

मग पुण्याहून जुन्या वास्तूंची नोंद करणाऱ्या एक बाई आल्या. रंग खरवडून त्यांनी अक्षरं वाचली, आणि त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, अहो, हा तुमच्या गावाचा ठेवा आहे, या चौघांची नावं मिळतात का बघा. ग्रामपंचायतीनं ठरवलं, दगडाशेजारी ग्रॅनाईटची पाटी बसवायची. नावं कोण शोधणार? गुरुजी. जन्मभर मास्तरकी केलेला मी.

तीन नावं आठवड्यात मिळाली. घरोघरी कागद होते, एकाकडे तर फोटोही निघाला. चौथं काही केल्या मिळेना. आणि बैठकीत सगळे माझ्या तोंडाकडे बघत असताना मी म्हणालो — चौथे आमचे. आजोबांचे थोरले भाऊ.

ते लढाईवर गेलेच नव्हते. घरी भांडून निघाले आणि परत आले नाहीत, एवढीच गोष्ट. पण लोक उठून माझ्या पाया पडले हो! आईनं गल्लीभर पेढे वाटले. म्हटलं, यात कुणाचं काय जातंय?

दुसऱ्याच दिवशी सखरबाई आली. पाटी अजून कोरायला गेली नव्हती — हे लक्षात ठेवा. सखरबाई म्हणजे वेशीबाहेरच्या वस्तीत एकटी राहणारी म्हातारी. पदराखालून तिनं बशीएवढी, काळी पडलेली चकती काढली.

"आजेसासऱ्याची हाय. लढाईत गेलं, तवा सरकारनं धाडलेली. त्यांचं नाव हाय म्हनत्यात हिच्यावर. तेवढं वाचा, आन् पाटीवर लावा की, गुरुजी."

मी ती उन्हात धरली. इंग्रजी अक्षरं, उठावाची, ठसठशीत. भिवा रखमा. चौथीतल्या पोरानंही वाचलं असतं.

मी म्हणालो, "झिजलंय. वाचता येत नाही."

का म्हणालो? बैठकीत बोलून बसलो होतो म्हणून? आईचे पेढे वाटून झाले होते म्हणून? आणि तिच्या जागी पाटलांची सून असती तर — तर म्हणालो असतो का असं? नसतो. हे मला तेव्हाही माहीत होतं.

ती चिडली नाही. पुढच्या झेंडावंदनाला चकती घेऊन हजर. "चिच लावून घासलंय. आता बघा." नाही दिसत, सखरबाई. त्याच्या पुढच्या वर्षी राख लावून आणली, मग लिंबू. मी दर वर्षी माईकवरून चार नावं वाचायचो, माझा मुलगा पाटीला हार घालायचा, आणि ती पुढं उभी राहून चौघांनाही हात जोडायची. आमच्या खोट्यालाही. दुसऱ्या कुणाला का नाही दाखवली तिनं? सुचवलं होतं तिला लोकांनी. "गुरुजींस्नी दिसंना, मंग आनिक कुनाला दिसायचं?" असं म्हणाली म्हणे.

यंदा आली ती हसतच. बाजारात भांड्यांना पॉलिश करणारा बसतो, त्याच्या मशीनच्या खरखरीत चाकावर चकती बराच वेळ धरून आणली होती. त्याला बजावलं होतं, चांगली घास बाबा, गुरुजींना वाचायचीय.

लखलखत होती. मी बोट फिरवलं. सपाट. पुन्हा फिरवलं. एक अक्षर शिल्लक नव्हतं.

"आता तरी लागतंय का, गुरुजी?"

"नाही," म्हणालो. या वेळी खरं बोललो.

काही तरी आत हलायला हवं होतं, नाही का? नाही हललं. माईकवाला मला हाका मारत होता, तेवढं ऐकू येत होतं.

"ऱ्हाऊ द्या मंग," ती म्हणाली. "तुमी लई तरास घेतला माझ्यापायी." चकती पदरात गुंडाळून ती पुढं जाऊन उभी राहिली.

मी माईकपाशी गेलो आणि चार नावं वाचली.