वीतभर माती

रक्ताला गरम पाणी लावायचं नसतं. गरम पाण्यानं ते धरतं, आणि मग कितीही घासलं तरी फरशीच्या सांध्यात तपकिरी रेघ राहून जाते. हे मला भाऊंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरमधल्या एका क्वार्टरमध्ये, गुडघ्यावर बसून. भाऊंची सगळी नोकरी शवविच्छेदनाच्या खोलीत गेली. निवृत्त झाल्यावर ते माझ्यासोबत आले. आम्ही दोघंच आहोत आणि आमच्याकडे एक जुनी व्हॅन आहे. खून, गळफास, कुलूप लावलेल्या खोलीत एकट्यानं आलेलं मरण. पोलिसांचा पंचनामा झाला, देह उचलला गेला, की मागे जी खोली उरते ती आम्ही साफ करतो.

आमच्याआधी हे कोण करायचं, ते चंद्रपुरात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. दवाखान्यातल्या सफाईवाल्याला शिपाई हाक मारून आणायचा. तो कोणत्या वस्तीतून यायचा हे विचारायची गरज नसायची. तो नाही मिळाला तर घरातली बाई होतीच. जिचा नवरा गेला तीच पदर खोचून त्याचं रक्त पुसायला बसायची. मी असं एकदा डोळ्यांनी पाहिलं आणि घरी येऊन पत्रक लिहिलं.

पत्रक लिहिणं आमच्या घरात पोळ्या लाटण्याइतकं रोजचं. वडील बल्लारपूरला छापखान्यात कामाला होते. विहारात वाटायच्या पत्रकांच्या घड्या घालतच मी वाचायला शिकले. मी हे काम धरलं तेव्हा वडील म्हणाले, "आजोबानं मेलेलं ढोर ओढनं सोडलं, आन तू हे धरलं." मी त्यांच्या हातात माझं पत्रक ठेवलं. त्यात होतं: रक्त पुसणं हे कोणत्याही जातीचं काम नाही. ते शिकून, हातमोजे घालून, आपल्या मर्जीनं करायचं काम आहे. आणि ज्याचं माणूस गेलं त्याच्यावर ते कधीही येता कामा नये. वडिलांनी शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या. बाकीचं मान्य केलं.

भाऊ माझ्या पत्रकांची टिंगल करायचे. "तुह्या पत्रकानं डाग निघत असन त टाक बकेटीत दोन-चार," म्हणायचे.

मी जे सांगणार आहे ते गडचिरोलीच्या पुढच्या एका जंगलातल्या गावचं आहे. मोहफुलांचे दिवस होते. एका विधवा बाईची एकुलती एक मुलगी तिच्या नवऱ्यानं कुऱ्हाडीनं मारली. तो घरजावई होता. हे घर त्या आईचं. तो पकडला गेला, मुलीचा देह तपासणीसाठी जिल्ह्याच्या दवाखान्यात नेला, आई देहाबरोबर गेली. पोलिसांनी दुसऱ्या दिवशी घर मोकळं केलं आणि ठाण्यातल्या एका हवालदारानं आम्हाला फोन केला. म्हणाला, म्हातारी दुपारी पोरीला घेऊन येईल, तिनं ते पाहू नये. मला हे बोलणं फार आवडलं. माझंच पत्रक एका खाकी माणसाच्या तोंडून ऐकल्यासारखं वाटलं.

आम्ही सकाळीच पोचलो. अंगणात मोहफुलं वाळत घातलेली होती आणि दोन दिवस कोणी हलवली नव्हती. त्यांचा गोड, आंबूस वास दारापर्यंत आला होता आणि दारातून पुढे त्यात दुसरा वास मिसळला होता. मोहाचा वास आता मला तसाच येतो, मिसळलेला. बाजारात पोतं दिसलं तरी मी रस्त्याच्या पलीकडे जाते.

घर मातीचं, जमीन शेणानं सारवलेली. फरशी धुता येते, माती धुता येत नाही, ती खणून काढावी लागते. भाऊंनी खणायची सब्बल घेतली, मी घमेलं. आम्ही डागाच्या बाहेरून रेघ मारली आणि वीतभर खोल माती काढली. ती पिवळ्या पिशव्यांमध्ये भरली, तोंडं बांधली, व्हॅनमध्ये ठेवली. दवाखान्यांचा कचरा जाळायची भट्टी चंद्रपूरच्या बाजूला आहे, आमच्या पिशव्या तिथं जातात. शेजारची एक बाई दारात उभी होती. नवी माती टाकल्यावर सारवून द्यायचं तिनं कबूल केलं होतं.

"ते माती कुठी ठेवून राह्यले वो?" तिनं विचारलं.

"गाडीत ठेवली ताई," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. तिला वाटलं, गाडी पुरायच्या जागी चालली आहे. मला वाटलं, तिला दुर्गंधीची काळजी आहे. मी आणखी एक वाक्य बोलले असते, किंवा तिनं आणखी एक विचारलं असतं, तर मी आज हे लिहीत बसले नसते.

खड्ड्यात नवी माती भरून झाल्यावर भाऊ पिशव्या घेऊन निघाले, कारण त्या जास्त वेळ ठेवता येत नाहीत. सारवण होईपर्यंत मी थांबणार होते, मग एसटीच्या लाल गाडीनं परत. त्या बाईनं इतकं सुरेख सारवलं की बोटांच्या कमानी एकीला एक जोडून भिंतीपर्यंत गेल्या. मी दारात उभी राहून पाहिलं. मला अभिमान वाटला. हे मी लपवत नाही.

आई दुपारी आली. देह सरळ गावाबाहेर नेला होता, तिथं माणसं खणत होती. ती घरी फक्त एका कामासाठी आली होती. बारीक चणीची, अनवाणी. आत आली, ओल्या जमिनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"माती कुठी हाय वो पोरी?"

"कोणती माती?"

"माह्या पोरीची."

शेजारची बाई घाईनं गोंडीत काहीतरी म्हणाली, भाऊ गेले त्या रस्त्याकडे हात करून. आईनं मान हलवली आणि माझ्यासाठी मराठीत बोलली, लहान मुलाला सांगावं तसं. "आमच्या घरी असं मेलं त ज्या मातीत रगत पडलं ते माती त्याच्यासंगं पुरतात. नाई त मानूस अर्धाच जाते. अर्धा इथीच राह्यते. माह्या पोरीले इथी ठेवू का मी, त्यानं जिथी मारली तिथी?"

मी काय केलं असेल? मी समजावायला सुरुवात केली. संसर्ग होतो, नियम असतो, ही माती उघड्यावर ठेवता येत नाही, माणूस अर्धा वगैरे राहत नाही. माझं बोलणं मला पाठ होतं. मी थांबल्यावर तिनं तेच विचारलं, "कुठी हाय?"

गावात रेंज फक्त शाळेच्या ओट्यावर येते. मी तिकडे पळाले. भाऊंनी पाच-सहा वेळा फोन उचलला नाही, गाडी चालवत असणार. तिकडून पुरणारी माणसं दिसत होती, खड्डा झाला होता, ती कुदळींवर हात ठेवून वाट पाहत होती. शेवटी भाऊ बोलले.

"टाकलं ना बाई. आताच. माह्या डोळ्यासमोर गेलं भट्टीत. काऊन, काई राह्यलं का?"

ओट्यावरून घरापर्यंत येताना एक विचार माझ्या डोक्यात आला आणि मी त्याला पूर्ण वाव दिला. घरामागून घमेलंभर माती आणायची. म्हणायचं, हीच. कोणाला कळणार होतं? पण मी खोट्याविरुद्ध इतकी पत्रकं वाटली होती की दारात आल्यावर तोंडातून खरं तेच निघालं. मी म्हणाले, "आई, जळली ती. चूक माझी. मी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं."

ती ओरडेल असं मला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"किती खंदलं होतं?"

"वीतभर."

"कोनाची वीत? तुही का त्या बुढ्याची?"

तिनं भिंतीशी टेकवलेली घरचीच सब्बल उचलली आणि त्या सुरेख सारवणाच्या मधोमध घातली. शेजारची बाई हात धरायला गेली, तिनं झटकला. आम्ही भरलेली सैल माती तिनं हातांनीच बाजूला केली. मग खाली आली घट्ट, जुनी जमीन. ती खणत गेली. मी तिच्या हातून सब्बल घ्यायला वाकले तेव्हा म्हणाली, "तू सरक. तू लय केलं." त्यात राग होता की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी जी गोष्ट कोणत्याही घरच्या माणसावर येऊ देणार नव्हते, ती ही आई माझ्यासमोर करत होती, आणि माझ्यामुळे करत होती.

घराचा मधला खांब जिथं जमिनीत जातो तिथं, त्याच्या कडेनं, माती काळपट निघाली. ओली, ढेकळं धरणारी. शेजारची बाई तोंडावर पदर धरून रडायला लागली. "राह्यली वो, राह्यली पोरगी," म्हणाली. आईनं दोन्ही हातांनी ती माती काढून पदरात घेतली.

मी जवळ होते. मला वास आला. माती काढून झाल्यावर, नवी भरण्याआधी, आम्ही त्या खड्ड्यात कॅनमधलं ब्लीचिंग पाण्यात मिसळून ओततो. ते खांबाच्या कडेनंच सगळ्यात खोल झिरपतं. मातीचा काळेपणा त्याचा होता. रक्ताचाही थोडा असेल. नसेल. मी हे काम करते, मला ओळखता यायला हवं होतं. मला जे ओळखता आलं ते एवढंच की त्या ढेकळांना माझ्या कॅनचा वास होता.

थोड्या वेळापूर्वी मी खरं बोलले होते. तेच पुन्हा करायचं होतं, एक वाक्य. मी गप्प बसले.

तिनं मूठभर माती नाकाशी नेली. बराच वेळ धरली. मग माझ्याकडे पाहिलं, सरळ, आणि पदराला गाठ मारली.

"चाल," म्हणाली. मलाच म्हणाली.

मी गेले. खड्ड्याशी तिनं गाठ सोडली आणि माती मुलीच्या छातीवर ठेवली, चादरीच्या आत. पुरुषांनी माती लोटायला सुरुवात केली. तिनं मलाही खूण केली. मी हातमोजे न घालता, उघड्या हातानं मूठभर माती टाकली. मी कोणतेच विधी मानत नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी विचारलं, मी सांगितलं, खाली थोडी सापडली. ते व्हॅनचं बूड पुसत होते. "किती पानी ओतलं होतं आपन?" म्हणाले. मी सांगितलं, दोन बकेटी. ते पुसत राहिले. त्या दिवशी त्यांनी पत्रकाची टिंगल केली नाही.

यावर पत्रक लिहायला मी तीनदा बसले. प्रत्येक वेळी नियम लिहून होतो: सामान उतरवण्याआधी घरच्यांना विचारा, काय ठेवायचं, काय न्यायचं. तो नियम आम्ही आता पाळतो. पुढचं वाक्य तिनं मूठ नाकाशी नेली तिथून सुरू व्हायला हवं, आणि तिथं माझी लेखणी थांबते. कारण तो वास मला आला तर तिलाही आला असणार. तिनं काय ठरवलं, ते मला तिच्या वतीनं लिहिता येत नाही. कॅनचं झाकण फिरवायला घेतलं की ती माझ्याकडे पाहते आहे असं वाटतं, आणि भाऊ मागून म्हणतात, "उघडलं का नाई अजून?"