निप भुंकायचा थांबला तेव्हा

चाळीस वर्षं मेंढरांमागे हिंडलेल्या माणसाला ऑस्ट्रेलियातल्या डेनिलिक्विन गावातल्या एका घरात आणून ठेवलं, दोन्ही बाजूंना पत्र्याचं कुंपण, समोर डांबरी रस्ता, तर तो भुंकत नाही एवढंच. व्हर्न टकवेल भुंकला नाही. भुंकला तो त्याचा निप.

खुब्याचं ऑपरेशन झालं. घोडा बंद, मोटारसायकल बंद, असं डॉक्टरांनी बजावलं आणि व्हर्नने जमीन विकून टाकली. बायको जॉइस जाऊन सहा वर्षं झाली होती. मेंढ्या गेल्या, लोकर कातरायची शेड गेली. राहिला निप, तांबूस रंगाचा, उभ्या कानांचा, सात वर्षांचा केल्पी जातीचा, मेंढ्या राखणारा कुत्रा. आता उरलेली वर्षं या कुत्र्याच्या सोबतीने निघावीत, यापलीकडे व्हर्नला काही नको होतं. आणि नेमकं तेच धोक्यात आलं.

दुपारी चारला कोपऱ्यावर शाळेची बस थांबायची. पोरांचा घोळका उतरून रस्ताभर पांगला की निप कुंपणाला भिडायचा. एवढी पोरं डोळ्यांदेखत पांगतायत आणि आपण त्यांना गोळा करायचं नाही, हे त्याला सोसवत नसे. मग तासभर भुंकणं. शेजारच्या कोराली पीअर्सबाईंनी आधी गोडीत सांगितलं, मग फणकाऱ्याने सांगितलं, मग नगरपालिकेला कळवलं. पत्र आलं. महिनाभरात भुंकणं थांबलं नाही तर पुढची कारवाई होणार होती.

पत्राची बातमी फुटली आणि फुकटच्या सल्ल्यांना ऊत आला. हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या बोल्स खेळाच्या क्लबातला नॉर्म, शेडमधला जुना दोस्त, म्हणाला, “तूच त्याला डोक्यावर चढवून ठेवलंयस. मानगूट धर, जमिनीला टेकव. मालक कोण ते एकदा कळू दे त्याला.” कोरालीबाई कुंपणावरून म्हणाल्या, “लिंबाच्या वासाचा फवारा उडवणारा पट्टा मिळतो. माझ्या बहिणीचा कुत्रा आठ दिवसांत मुका झाला.” रेडिओवरच्या तज्ज्ञाचं मत पडलं की कुत्र्याकडे साफ दुर्लक्ष करा. कॉम्प्युटरवर एक जण सांगे डोळ्यांत डोळे घालून बघा, दुसरा सांगे चुकूनही बघू नका. ऐकावे जनाचे करावे मनाचे म्हणतात, पण मनालाच काही सुचत नसेल तर माणसाने करायचं काय? व्हर्नने सगळं केलं, प्रत्येक उपाय दोन-दोन दिवस. निप बिचारा रोज नव्या मालकाकडे असल्यासारखा गोंधळून बघायचा.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरने तामसिन नावाच्या मुलीला पाठवलं. प्राण्यांच्या वागण्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास केलेली, हातात वही.

“पोरी,” व्हर्न म्हणाला, “तू जन्मायच्या आधीपासून मी कुत्री शिकवतोय.”

“म्हणूनच तुम्ही काय करता ते बघायला आलेय,” तामसिन म्हणाली आणि व्हरांड्यात खुर्ची ओढून बसली.

चार वाजले. बस आली, निप सुरू झाला. व्हर्न तणतणत बाहेर आला, टोपी काढून मांडीवर आपटत ओरडला, “हा! हा! हा!” निपने एकदा मागे पाहिलं, त्याचा चेहरा उजळला आणि तो दुप्पट जोराने भुंकायला लागला.

तामसिनने काहीतरी लिहिलं. “टोपीचं हे असं शेतावर कधी करायचात तुम्ही?”

व्हर्नने हातातल्या टोपीकडे पाहिलं. शेडच्या वाड्यात मेंढ्या फाटकाशी अडून बसल्या की तो अगदी असाच मांडीवर टोपी आपटायचा. भुंकून त्यांना पुढे रेट, असा निपला तो हुकूम होता. चार महिने व्हर्न रोज बाहेर येऊन कुत्र्याला सांगत होता, शाबास, आणखी जोरात.

आधी त्याला हसू फुटलं, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मग हसू राहिलं बाजूला. “त्याने हुकूम पाळला,” तो म्हणाला, “आणि नॉर्मचं ऐकून मी त्याला जमिनीवर दाबून धरला, पोरी. दोन दिवस.” त्याला स्वतःची लाज वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती.

तामसिनने शिकवलं ते सोपं होतं. पावणेचारला निपला मागच्या अंगणात न्यायचं, गवतात काळजाचे वाळवलेले तुकडे पेरून त्याला हुडकायला लावायचं, गप्प राहिला की आणखी एक द्यायचा, ओरडायचं नाही. तीन आठवड्यांत भुंकणं थांबलं. नगरपालिकेचं दुसरं पत्र आलं नाही.

पण चौथ्या आठवड्यात निपने तुकडे हुडकणं सोडलं. दिवसभर पत्र्याकडे तोंड करून पडून राहायचा. चारला कान उभे व्हायचे आणि पुन्हा पडायचे. जेवण अर्धं उरायचं.

“हा शहाणा झालाय की खचलाय?” व्हर्नने तामसिनला विचारलं.

तिने उगाच धीर दिला नाही. “भुंकणं थांबवायला बोलावलंत, ते थांबलं. तुम्ही म्हणालात तर त्याला रमवायचे आणखी खेळ शिकवीन. पण बक्षीस कशाला म्हणायचं ते कुत्रा ठरवतो, आपण नाही. आणि त्याला काय हवंय ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.”

ठाऊक होतं. व्हर्नलाही तेच हवं होतं. सकाळी डोळे उघडायच्या आधी त्याला मेंढ्यांचा वास यायचा आणि डोळे उघडले की जायचा.

रविवारी निपला गाडीत मागे चढवून तो दोन तासांवरच्या पुतण्याच्या, ग्रॅहमच्या, शेतावर गेला. चारशे मेंढ्या माळावर पसरल्या होत्या. मागचं फळकूट खाली पडायच्या आत निप सुटला, लांबून वळसा घालत.

“काका, शीळ तुम्ही घालता?” ग्रॅहमने विचारलं.

“तूच घाल. तुझी ऐकायची सवय लागू दे त्याला.”

ग्रॅहमची शीळ जरा वेगळी होती. निप थबकला, मान वळवून व्हर्नकडे बघत उभा राहिला. खरं की काय, असं विचारत. व्हर्नला त्याच्याकडे बघायचं होतं, जगातलं दुसरं काही नको होतं. तो खुब्याची कळ सोसत खाली वाकला आणि बुटाची नाडी बांधायला लागला. नाडी सुटलेली नव्हती. ग्रॅहमने पुन्हा शीळ घातली. व्हर्नने मान वर केली तेव्हा निप कामाला लागलेला होता.

डेनिलिक्विनला परतल्यावर आठवडाभरात क्लबात नॉर्मने पाठीवर थाप मारली. “बघ, म्हटलं नव्हतं? मालक कोण ते दाखवावंच लागतं.” व्हर्न बरं म्हणाला. कोरालीबाईंची खात्री होती की पट्ट्यानेच काम झालं. त्यांनाही तो हो म्हणाला. कुत्रा दिला म्हणून सांगितलं असतं तर लोक हळहळले असते, आणि ते त्याला झेपलं नसतं.

त्या रविवारी कोरालीबाईंनी कुंपणावरून कागदात गुंडाळलेलं मटणाचं भाजलेलं हाड पुढे केलं. “निपला द्या. मी फार टाकून बोलले होते हो त्याला. गुणी आहे पोर.”

“देतो,” व्हर्न म्हणाला. हाड त्याने फ्रिजमध्ये ठेवलं. पुढच्या रविवारी दुसरं आलं, त्याच्या पुढच्या रविवारी तिसरं. टाकवत एकही नव्हतं.

“आवडतं का हो त्याला?” चौथ्या रविवारी बाईंनी विचारलं.

“फार,” व्हर्न म्हणाला, आणि हात पुढे केला.