उजव्या खुर्चीतली परीक्षा

वैमानिकांना शिकवणाऱ्या त्या म्हाताऱ्याला सगळे मास्तर म्हणत. सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या खोट्या विमानात, ते कॅप्टन होऊन बसत आणि मुद्दाम चूक करत. उजवीकडच्या शिकाऊ को-पायलटने ‘हात काढा’ म्हणून विमान स्वतःच्या ताब्यात घ्यायचं, एवढीच परीक्षा.

आज उजवीकडे बसलेल्या मुलीची ही तिसरी खेप होती. आता नापास झाली की नोकरी गेलीच. मास्तरांनी ढगात विमान फार खाली नेलं.

“सर, आपण जरा खाली आहोत का?”

मास्तरांनी विमान तसंच खाली जाऊ दिलं. पडद्यावर डोंगर आला आणि सगळं लाल झालं.

“कुणाला विचारत होतीस?”

“तुम्हाला, सर.”

“मी तर मेलो. माझ्या घरच्यांना काय सांगायचं, पोरगी फार नम्र होती म्हणून?”

“वडिलांच्या वयाच्या माणसाला ‘हात काढा’ कसं म्हणायचं, सर?”

मास्तरांनी कागदावर नापास लिहिलं. ती डोळे पुसत निघून गेली, तरी ते तसेच बसून राहिले.

पंचवीस वर्षांपूर्वी उजव्या खुर्चीत बसून, खऱ्या डोंगरापुढे, ते आपल्या कॅप्टनला “ढग दाट आहेत, सर” एवढंच म्हणाले होते. विमान डोंगरावर आदळलं; नऊ जण गेले, ते एकटे उरले. या पोरीने निदान उंचीचं विचारलं तरी होतं.