मामांच्या घोडीचं गवत

एका मुक्या जिवासाठी ज्यांनी आयुष्य वाहिलं, अशा थोड्या माणसांत माझ्या बायकोच्या मामांची गणना करावी लागेल. तो जीव म्हणजे एक पांढरी घोडी, आणि ती मामांना ओळख दाखवत नाही. तिसगावजवळच्या त्यांच्या घरी मी गेलो की ती माझ्याकडे बघते, मामींकडे बघते. मामा आले की भिंतीकडे बघते. मामांना त्यात अदब दिसते. "मोठ्या मानसाकडं टक लावून बघत न्हाई ती," ते सांगतात.

मामा कोणतंही काम समारंभाशिवाय करत नाहीत. पावसाआधी घोडीचा दीड एकर माळ तयार करायचा, म्हणजे पुढच्या उन्हाळ्याला पुरेल असं गवत निघतं. त्यासाठी ते आंघोळ करून, धुतलेली टोपी घालून माळावर उतरतात. गाजरगवताचं प्रत्येक रोप मुळासकट उपटून वर धरतात, त्याला दोन शब्द सुनावतात आणि मगच बांधावर फेकतात. वाळली लीद चुरून अशी पसरतात की लग्नात अक्षता वाटाव्यात. गेल्या वर्षी मीही दगड वेचायला होतो. एक दगड जरा जोरात टाकला, तर म्हणाले, "जावईबापू, हळू. जमीन निजलीया."

गेल्या वर्षी या सोहळ्यामागे काळजी होती. पाथर्डीला जीप चालवणाऱ्या त्यांच्या मुलाने सांगून टाकलं होतं, "दादा, गवत निघालं तर घोडी ऱ्हाईल. इकतचा चारा मी आननार न्हाई. सरळ बाजार दावीन तिला." त्यावर मामांनी टोपी पुन्हा एकदा धुतली.

राखलेल्या रानात कुणी शेरडं घालू नयेत म्हणून कोपऱ्यावर चुना फासलेला दगड ठेवायची तिकडे रीत आहे. मामांनी चांगला गुडघाभर उंच दगड उभा केला. चुना संपला होता, म्हणून दाराचा उरलेला शेंदरी रंग फासला. आठवड्याभरात दगडापुढे नारळ दिसला, मग लिंबू. रानात एक शेरडू शिरलं नाही. मामा खूश होते. दसऱ्यानंतर गवत कमरेला लागलं आणि ते कापायला एक माणूस मिळेना. ऊसतोडीची टोळी दुसऱ्या दिवशी निघणार होती. त्यानंतर गावात विळा धरायला म्हातारी माणसंच उरतात.

मामा आणि मी टोळीतल्या साळूबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "म्हसोबाच्या रानात इळा घालू व्हय? माज्या घरात लेकरं हायेत."

"अगं, म्हसोबा कुठला! दाराचा रंग हाय त्यो. मीच दिला."

"रंग तुमी दिला. आत कोन यून बसलंय, ते तुमाला काय ठावं?"

मामा तसेच माळावर गेले, टोपी काढली आणि स्वतःच रंगवलेल्या दगडापुढे हात जोडून उभे राहिले. त्या दिवशी त्यांच्या आवाजात समारंभ नव्हता. "देवा, गवत तुजं. पर पोट घोडीचं हाय."

मागून आलेल्या साळूबाईंनी विचारलं, "काय म्हनला?"

"न्हाई तर म्हनला न्हाई."

साळूबाईंनी जरा विचार केला. "मंग कापू. पर पयली पेंढी त्येची."

अंधार पडायच्या आत टोळीने गवत आडवं केलं. ते वाळल्यावर मुलाने स्वतः गंजी रचली, जीपवरची ताडपत्री तिच्यावर बांधली, आणि बाजाराचं नाव पुन्हा काढलं नाही.

आता उन्हाळा आहे. मामा रोज सकाळी गंजीतून एक पेंढी ओढतात, घोडीपुढे ठेवतात आणि थोडं लांब जाऊन बसतात. घोडी पेंढी हुंगते. तिच्या दाढा झिजून गेल्या आहेत. ती मामींनी भिजवलेला कोंडा खाते.