त्या सकाळचे अकरा फोटो

इवाओ कागेयामा गेला तेव्हा त्याच्या शेतात भात नव्हतं, नुसतं पाणी होतं.

कापणी होऊन महिना उलटला होता. पण इझुमोच्या डोंगरातल्या कामितानी गावात गेली सात-आठ वर्षं कापणीनंतर खाचरं पुन्हा पाण्याने भरून ठेवायची रीत पडली होती. उतारावरच्या त्या खाचरांत पाणी उभं राहिलं, की सकाळच्या धुक्यात आभाळच पायऱ्या पायऱ्यांनी खाली उतरल्यासारखं दिसे. ते टिपायला लांबलांबचे लोक कॅमेरे घेऊन वरच्या देवदारांपाशी येऊन थांबत. पर्यटन मंडळाने तिथे लाकडी कठडा बांधला होता, आणि गावाच्या नकाशावर त्या जागी छोटासा कॅमेरा छापला होता.

"बापजाद्यांनी भात पिकवलं, आपण फोटो पिकवतोय," इवाओ बायकोला म्हणायचा. म्हणायचा खरा, पण कामात कसूर नव्हती. खेकडे बांधाला भोकं पाडत आणि पाणी वाहून जाई. म्हणून उजाडलं की एकोणऐंशी वर्षांचा हा गडी फावडं घेऊन निघे आणि चिखलाने एकेक भोक लिंपून न्याहारीला परत येई.

नोव्हेंबरातल्या त्या दिवशी तो आला नाही. त्याच्या बायकोने, फुसाएने, मिसोचं सार दोनदा गरम केलं. तिसऱ्यांदा गरम करताना ती चिडली. वर फोटोवाल्यांशी गप्पा छाटत बसले असतील, असं पुटपुटत रबरी बूट चढवून ती शेतात गेली. फोटोवाले केव्हाच पांगले होते. इवाओ चौथ्या खाचरात पालथा पडला होता. पाणी जेमतेम वीतभर होतं.

डॉक्टर म्हणाले, हृदय एकदम थांबलं, त्यांना काही कळलंसुद्धा नसेल. फुसाएने ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. हिरोशिमाहून आलेल्या मुलीला तिने तेच सांगितलं, शेजारणींना तेच सांगितलं. हिवाळाभर बर्फ पडत राहिलं आणि ती त्या एका वाक्याच्या उबेत दिवस ढकलत राहिली.

मार्चमध्ये एक गृहस्थ आले. त्सुकुदा त्यांचं नाव. ओकायामाचे निवृत्त शाळामास्तर, फोटोंचा नाद. हातात कापडात गुंडाळलेली मोठी चौकट. आधी त्यांनी इवाओच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावली, हात जोडले, मग चटईवर अवघडून बसले.

"तुमचे यजमान शरद ऋतूत गेले, असं मंडळात कळलं. मी त्यांचा एक फोटो काढला होता. प्रदर्शनात त्याला बक्षीस मिळालं. तो तुमच्याकडे असावा असं वाटलं."

त्यांनी कापड सोडलं. धुकं, पाण्यातलं तांबूस आभाळ, आणि मधोमध बांधापाशी कमरेत वाकलेली एका माणसाची छोटी काळी आकृती. खाली मथळा होता, 'सकाळचा नमस्कार'.

फुसाए बराच वेळ बघत राहिली. फावडं त्याच्या हातात नव्हतं, बाजूला आडवं पडलं होतं. चिखलात पडलेलं फावडं इवाओने पन्नास वर्षांत कधी तसं राहू दिलं नव्हतं.

"मास्तर, हा कधीचा?"

"नोव्हेंबरचा. नऊ तारीख. सूर्य वर यायला आणि ते वाकायला एकच गाठ पडली. आणि किती वेळ तसेच होते! मला वाटलं, केवढी ही चिकाटी..."

त्यांचं बोलणं अडखळलं. समोर तसबिरीशेजारी मरणाची तारीख लिहिलेली पाटी होती. ती त्यांनी मघाशी उदबत्ती लावताना पाहिली होती, पण वाचली आत्ता.

मग मास्तरांनी कपाळ चटईला टेकवलं आणि तसेच राहिले.

"उठा," फुसाए म्हणाली. "यानंतर आणखी काढले होते का?"

"फुसाए-सान, ते नका बघू."

"काढले होते का, ते विचारतेय मी."

"दहा," ते चटईकडेच बघत म्हणाले.

"पुढच्या खेपेला घेऊन या. पोस्टाने नको."

आठवड्याने ते आले. चेहरा उतरला होता, दाढी वाढली होती. फुसाएने चष्मा पुसला आणि अकराही फोटो चटईवर ओळीने मांडले. प्रत्येकाच्या मागे मास्तरांनी वेळ लिहून आणली होती. पहिला, सहा चाळीस, वाकलेला. तिसऱ्यात गुडघे टेकलेले. पाचव्यात एक हात बांधावर, बोटं गवतात रुतलेली. सातव्यात मान वर, देवदारांच्या दिशेने. शेवटचा सहा चौपन्नचा. त्यात पाणी सपाट होतं आणि पाण्यात एक काळा ढीग होता.

"चौदा मिनिटं," ती म्हणाली.

"धुकं होतं. मी भिंगातून सूर्याकडे बघत होतो. वाटलं, भोक बुजवतायत. आम्ही सातजण होतो, कुणालाच..." मास्तरांनी फोटोंवरून नजर काढली. "एकदा मनात आलं होतं की खाली जाऊन बघावं. पण ती पाटी..."

पाटी फुसाएला ठाऊक होती. 'कृपया शेतात उतरू नये.' फोटोवाले बांध तुडवतात म्हणून इवाओने मंडळाशी भांडून ती लावून घेतली होती. अक्षरंही त्याचीच होती.

"तुम्ही पाटी पाळलीत," ती म्हणाली. "तुम्हाला काय बोलू?"

ते ऐकून मास्तरांना बरं वाटलं नाही, आणि ते म्हणून तिलाही वाटलं नाही. तिने चहा ओतला. तो तसाच निवला. जाताना त्यांनी चौकट परत मागितली. तिने दिली. अकरा फोटो मात्र तिने पाकिटात घालून कपाटात किमोनोंच्या खाली ठेवले. मुलीला त्यातलं काही कळवलं नाही. एका माणसाची झोप उडाली तेवढी पुरे.

मास्तरांनी बक्षीस परत केल्याचं पुढे शेजारच्या हारुमीकडून कळलं. उन्हाळ्यात ते एकदा आले. कॅमेरा नव्हता. थडग्याभोवतीचं गवत उपटलं, घरी न येताच निघून गेले. फुसाएने त्यांना माजघराच्या खिडकीतून पाहिलं. हाक मारावी असं तिला वाटलं नाही.

कापणी तिच्या पुतण्याने यंत्राने उरकून दिली. ऑक्टोबरच्या अखेरीस मंडळाचा ओदागिरी आला. चांगला माणूस, इवाओच्या अंत्ययात्रेत खांदा देणारा.

"काकू, पाणी कधी सोडायचं? तुम्ही नुसतं हो म्हणा, बांध आमची पोरं बघतील."

"नाही सोडायचं."

"तुमची खाचरं मधोमध आहेत हो. ती कोरडी राहिली तर सगळं चित्रच जातं."

"जाऊ दे."

"काकांनी केवढ्या हौसेनं केलं होतं सगळं."

"हौस कसली," ती म्हणाली. "तुम्ही विनंती केलीत, त्यांना नाही म्हणता आलं नाही. मला येतं."

ओदागिरी वाकून नमस्कार करून गेला. मनाला लावून घेऊ नये म्हणून तिने त्याच्या हातात दोन मुळे दिले होते, ते त्याने मोटारीच्या मागच्या बाकावर नीट ठेवलेले तिला दिसले.

त्या वर्षी चौथ्या खाचराला भेगा पडल्या. शेजारची दोन शेतंही मग कुणी भरली नाहीत, आणि दुसऱ्या वर्षीच्या नकाशावर कॅमेऱ्याचं चिन्ह पलीकडच्या गावातल्या पुलापाशी गेलं. जुन्या नकाशावरून कधी एखादी गाडी अजूनही वर येते. सकाळी मुळे धुताना फुसाएला दारं बंद झाल्याचा आवाज येतो, थोडा वेळ बोलणं ऐकू येतं, मग गाडी पुन्हा उतरते. ती मान वर करत नाही. पाणी बर्फासारखं गार असतं, बोटं बधिर होतात, आणि मुळे अजून बरेच उरलेले असतात.